दाजींना कामावरून काढलं त्याची हकीकत

१४ जून. हळदीचं बेणं औषधाच्या पाण्यातून काढून पडवीत सावलीला पसरलं आहे. सुकायला तीन तास लागतील. बुधवारी लागवड आहे, बाया सांगून ठेवल्यात, सऱ्या पाडून तयार आहेत. म्हणजे हे तीन तास मला करण्यासारखं काहीच नाही, आणि नुसतं बसून राहायची मला सवय नाही. म्हणून दाजींबद्दल लिहून काढते.

ज्याला कामावरून काढताच येत नाही असा फुटबॉलचा प्रशिक्षक अख्ख्या पृथ्वीवर एकच निघाला, आणि तो आमच्या गावचा जावई होता. हे मी गावाच्या अभिमानाने म्हणत नाही. गावाने त्यात काही केलेलं नाही, केलं ते सगळं आमच्या सुमनने. सुमन माझी चुलत बहीण. नांदेडला नर्सिंग शिकली, तिथून मुंबई, तिथून आखातातलं एक इस्पितळ आणि तिथून थेट व्हिएन्ना. तिच्या वॉर्डात एक उंच, लालबुंद, डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेला माणूस येऊन पडला. तो माणूस गुडघा दुरुस्त करायला आला होता, बायको घेऊन घरी गेला. तेच आमचे दाजी. ऑस्ट्रियाचे. ऑस्ट्रेलियाचे नव्हे. हा खुलासा मी सात-आठ महिने करते आहे, तरी गावातली निम्मी माणसं त्यांना अजून क्रिकेटचेच प्रश्न विचारतात, आणि दाजी क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नसताना गंभीर चेहऱ्याने उत्तरं देतात, कारण विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणं त्यांच्याकडे असभ्य समजतात.

मराठी ते सुमनकडून शिकले. सुमनने गाव सोडलं त्याला वीस-बावीस वर्षं झाली, त्यामुळे दाजींची मराठी आमच्या आताच्या पोरींपेक्षा जुनी आहे. जे शब्द आमच्या लेकरांनी शाळेत गेल्यावर टाकून दिले, ते या माणसाने बर्फाच्या देशात सांभाळून ठेवले. गेल्या दिवाळीत काकूचं, म्हणजे सुमनच्या आईचं, माकडहाड मोडलं म्हणून सुमन लांब रजा घेऊन आली. दाजीही आले आणि पहिल्याच दिवशी माझ्या दारात उभं राहून म्हणाले, “अक्का, काहून इतकी वाळली तुमी? तब्येत बराबर हाय नव्हं?” मी त्यांना आत बोलवायचं विसरून नुसती बघत राहिले. आवाज पाठीमागून ऐकला असता तर मी कुणा म्हाताऱ्या चुलत्याला नमस्कार करायला वाकले असते.

दाजींची कारकीर्द मला तोंडपाठ आहे. डोंगरातल्या लहानशा गावात जन्म, वडील रेल्वेचे रूळ तपासायला. सोळाव्या वर्षी संघात, डाव्या बाजूचा बचाव. पुढे देशातल्या सगळ्यात वरच्या वर्गातल्या एका संघाने त्यांना घेतलं. तिथे ते दोन वर्षं बाकावर बसले आणि एकंदर अकरा मिनिटं खेळले. त्यातली चार मिनिटं दुसरा कोणी तरी जखमी होऊन पडला होता. उरलेल्या सात मिनिटांचं वर्णन करायला दाजींना पाऊण तास लागतो आणि त्यासाठी जेवणाची पंगत अर्धवट थांबवावी लागते, कारण सगळ्यांच्या वाट्या त्यांना मैदान मांडायला हव्या असतात. चटणीची वाटी गोलकीपर, वरणाची वाटी पुढचा गडी, आणि दाजी स्वतः म्हणजे लिंबाची फोड. ती फोड ताटाच्या कडेकडेने धावत येते, वरणाच्या वाटीला अडवते, आणि शेवटी आमचे हे म्हणतात, “दाजी, वरन थंड होऊन राहिलं.” मग गुडघा गेला, खेळ संपला, आणि दाजी प्रशिक्षक झाले. पाच क्लब, आणि पाचही ठिकाणांहून त्यांना काढून टाकलं.

आमच्याकडे माणसं सत्काराचे फोटो भिंतीला लावतात. दाजींकडे काढून टाकल्याच्या पत्रांची फाइल आहे. प्रत्येक पत्र प्लास्टिकच्या पाकिटात, तारखेप्रमाणे लावलेलं. एका क्लबने काढलं, कारण पहिला महिनाभर त्यांनी खेळाडूंना चेंडूच दिला नाही. आधी बिनचेंडूचं खेळायला शिका म्हणाले. दुसऱ्याने काढलं, कारण त्यांनी अध्यक्षांच्या जावयाला संघाबाहेर बसवलं. (“तिथं जावयाला बसवतात?” हे आमच्या काकूने तीन वेळा विचारून घेतलं.) तिसऱ्या क्लबने तर त्यांना मध्यंतरात काढलं. दाजी बाहेर आले, तिकीट काढलं आणि उरलेला अर्धा सामना प्रेक्षकांत बसून पाहिला. मी म्हटलं, “दाजी, राग न्हाई आला?” ते म्हणाले, “राग कशाचा? काढलं म्हंजी कोनी तरी माझं काम नीट बघितलं. बघितलंच नसतं तर काढलं कसं असतं?”

तर असे हे दाजी आमच्या गावात येऊन पडले आणि पंधरा दिवसांत वेडे व्हायची वेळ आली. कारण जावयाला आमच्याकडे काम करू देत नाहीत. त्यांनी पाण्याची बादली उचलली की तिघं धावून येत. झाडू घेतला की काकू अंथरुणातून ओरडे. आता जावई तसे आमचे हेही आहेत. मला गावातल्या गावातच दिलेली, माहेर आणि सासर एकाच गल्लीच्या दोन टोकांना. पण रोज दिसणारा जावई जावई राहत नाही, त्यांच्या डोक्यावर माझ्या माहेरच्यांनी आजवर खुशाल पोती दिलेली आहेत. दाजी मात्र सातासमुद्रापलीकडचे. ते नुसते फिरत. फिरता फिरता एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी वाढपी पाहिले आणि त्यांना राहवलं नाही. वाढपी सगळेच्या सगळे चेंडूमागं धावणाऱ्या पोरांसारखे एकाच ओळीत घुसतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी भातवाल्याला पुढे काढलं, वरणवाल्याला त्याच्या डाव्या अंगाला ठेवलं, पोळीवाल्यांना दोन्ही कडांना, आणि पाणीवाल्याला सांगितलं की तू मधी राहा, हलू नको, सगळे तुझ्याकडं येतील. चारशे माणूस चाळीस मिनिटांत जेवून उठलं. नवऱ्यामुलाचा बाप हात जोडून आला आणि म्हणाला, “जावईबापू, पुढच्या सालाला धाकटीचं हाय. तारीख तुमाला इचारूनच धरतो.”

संघाची सुरुवात झाली ती गोदामुळे. गोदा धनगरांच्या घरची, वय पंधरा. दाजी एकदा वसमतच्या रस्त्याने चालले होते आणि समोरून चाळीस शेळ्या एकदम उधळून रस्त्याच्या दोन्ही अंगांना फुटल्या. गोदाने नुसती दोन पावलं डावीकडे टाकली, एक परत उजवीकडे, हात पसरले, आणि सगळ्या शेळ्या आपसूक मागे वळल्या. दाजी रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मागून एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, याचं त्यांना भान नाही. घरी येऊन सुमनला म्हणाले, वीस वर्षं मी लोकांना हे शिकवत होतो, या पोरीला शेळ्यांनी शिकवलं. दुसऱ्या दिवशी ते गोदाच्या आईपुढे हजर. ती म्हणाली, “पोरगी खेळाया गेली तर शेरडं कोन राखल?” दाजी म्हणाले, “शेरडंबी घेऊन या.” तेव्हापासून संघाचा सराव शेळ्यांसकट होऊ लागला. शेळ्या कडेचं गवत खात, आणि चेंडू बाहेर गेला की त्यांच्यात घुसे. महिन्याभरात अकरा मुली झाल्या. चेंडू आमच्या बचत गटाने घेतले, अध्यक्ष मी, म्हणून जमिनीचंही माझ्याकडेच आलं. माझं हळद वाळवायचं खळं, चोपून चोपून सपाट केलेलं, गावात तेवढं सपाट दुसरं काही नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिथे हळद पसरते. मी सांगितलं, अर्धं तुमचं, अर्धं हळदीचं. दाजींचे पांढरे बूट पिवळे झाले, मोजे पिवळे, चेंडू पिवळे. त्यांचं लग्न तिकडे कचेरीत सह्या करून झालेलं, अंगाला हळद लागायची राहिली होती. ती इथे पोत्याने लागली.

शिकवताना त्यांना सगळ्यात मोठी तकलीफ झाली ती नमस्काराची. आमच्याकडे कुणाला पाय लागला की माणूस वाकून हात लावतो आणि तो हात कपाळाला, छातीला नेतो. हे विचार करून कुणी करत नाही, पापणी मिटते तसं होतं. आणि फुटबॉलमध्ये पाय लागल्याशिवाय दुसरं होतं काय? एक मुलगी चेंडू घेऊन सुसाट निघे, दुसरीच्या पायाला पाय लागे, की दोघी थांबून, वाकून, एकमेकींना नमस्कार करून मोकळ्या. तोवर चेंडू शेळ्यांत. दाजींनी कपाळावर हात मारून घेतला. रागावून पाहिलं, हात बांधून खेळवून पाहिलं. शेवटी त्यांनी तोड काढली. पाय किती लागले ते मनात मोजायचं आणि सगळे नमस्कार खेळ संपल्यावर एकदम फेडायचे. त्यामुळे सामना संपला की दोन्ही संघ समोरासमोर उभे राहत आणि पाच मिनिटं नुसता वाकण्याचा आणि “तुझे माझ्याकडं सात, माझे तुझ्याकडं चार” असा गलका चाले.

आता खरं सांगायचं तर संघ हरत होता. जानेवारीत हरला, फेब्रुवारीत हरला, मार्चमध्ये हरला, एप्रिलमध्ये तर बघवेना. दाजी बचावाचे गडी, त्यांनी अकराच्या अकरा मुलींना राखणं शिकवलं. गोल मारायचा कुणी, हा प्रश्न निघतच नसे. पण त्यांना कोण बोलणार? सामना हरला की गावकरी म्हणत, “वा दाजी, पोरी काय पळतेत!” ग्रामसभेत टाळ्या झाल्या. दाजी प्रत्येक पराभवानंतर दोन दिवस पत्राची वाट पाहत, आणि पत्राऐवजी कुणाच्या तरी घरून पुरणपोळीचं बोलावणं येई. ते मला म्हणाले, “अक्का, इतका चांगला क्लब मी जगात पाहिला न्हाई. चार मॅच हारलो, तरी इस्वास ठेवतेत.” मला तेव्हाच बोलायला हवं होतं. मीही पुरणपोळीच घातली.

मग आला अधिक महिना, आमच्याकडचा धोंड्याचा महिना. तीन वर्षांनी एकदा येतो आणि त्यात जावयाचं काय करू नि काय नको असं गावाला होऊन जातं. जावयाला जेवायला बोलवायचं, पुरणाचे धोंडे करायचे, आणि अनारसे, बत्तासे जे काय द्यायचं ते तेहतीस मोजून द्यायचं. दाजींच्या पाचव्या सामन्याची तारीख नेमकी याच महिन्यात पडली. सामना नदीपलीकडच्या गावाशी. तिथल्या सरपंचांची आई आमच्याच गावची, म्हणजे आमचा जावई तो त्यांचाही जावई. ऊन व्हायच्या आत खेळायचं म्हणून साडेसहाला सुरू झाला, आणि आमच्या पोरी तीन-शून्य जिंकल्या. पलीकडची गोलकीपर अशी बाजूला होत होती की जणू दारातून पाहुण्यांना आत घेते आहे. मला ते दिसलं. दाजींना दिसलं नाही. ते चौपन्न वर्षांचा माणूस, दुखऱ्या गुडघ्यावर अख्खं खळं धावत फिरले आणि शेवटी एका शेळीला मिठी मारून बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. प्रशिक्षक म्हणून दोन वर्षांत हा पहिलाच विजय, हे मला सुमनने नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशी काकूकडे धोंड्याचं जेवण. पलीकडचे सरपंच सहकुटुंब आले. दाजी पाटावर, समोर समई, कपाळाला कुंकू. सरपंचीणबाईंनी जवळा बाजार गावातून आणलेल्या पितळी ताटात तेहतीस अनारसे ठेवले आणि तोंडभरून हसून म्हणाल्या, “गोड मानून घ्या जावईबापू. गोलबी तेहतीसच द्यायचे होते, पर येळ पुरला न्हाई. तीनावरच भागवलं.”

दाजींचा हात ताटावर थांबला. त्यांनी सरपंचांकडे पाहिलं. सरपंच म्हणाले, “काय कमी पडलं का? तुमी बोला. पुढच्या बारीला पाच देऊ.”

दाजी पाटावरून उठले. हात धुतले आणि मधल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

इथून पुढे जे झालं ते आमच्याच लोकांना सुचू शकतं. जावई जेवता जेवता उठला, म्हणजे जावई रुसला. आणि रुसलेला जावई आजवर काही तरी हातावर ठेवल्याशिवाय उठलेला नाही. अर्ध्या तासात काकूच्या ओसरीवर रांग लागली. टॉवेल-टोपी आली, फेटा आला, कुणी मनगटी घड्याळ घेऊन आलं. सरपंचांनी स्वतःच्या बोटातली अंगठी काढली. गोदाच्या बापाने बोकड आणून खांबाला बांधला, त्याने तो आलेला फेटाच खायला घेतला. जो तो दाराला तोंड लावून विनवतोय, “दाजी, रुसू नगा.” सरपंच म्हणतायत, “पाच न्हाई, सात घ्या. पन दार उघडा.” एकटी गोदा मागे भिंतीला टेकून उभी होती. तिने मला विचारलं, “मावशे, म्हंजी आमी काल जिंकलोच न्हाई?”

मी म्हटलं, “न्हाई.”

ती म्हणाली, “मला वाटलंच. तिकडची ती गोलकीपर माझ्याकडं बघून हासली.” आणि शेळ्या घेऊन निघून गेली.

मग मी दारावरची माणसं हाकलली, बोकडासकट, आणि आत गेले. दाजी खाटेवर बसले होते, मांडीवर फाइल. म्हणाले, “अक्का, तुमी खोटं बोलत न्हाई म्हनून इचारतो. मी जावई नसतो तर मला कवा काढलं असतं?”

“दुसऱ्या मॅचनंतर,” मी म्हटलं.

“मंग काहून न्हाई काढलं?”

“जावयाला कोन काढतं, दाजी?”

त्यांनी फाइल मिटून उशाशी ठेवली. मग म्हणाले, “पाच क्लबांनी मला काढलं, पन एकानंबी मला असं फसवलं न्हाई. इथं मी कोच नव्हतोच. मी पाव्हणा होतो, शिट्टी घेतलेला.”

मला गोडगोड बोलता येत नाही आणि समजूत घालणं हे माझं काम नव्हे. पण एखादी गोष्ट मोडली की ती कुठे मोडली ते मला दिसतं. या माणसाला अंगठी नको होती, विजय नको होता. त्याच्या कामाकडे कुणी तरी प्रशिक्षकाचं काम म्हणून पाहायला हवं होतं, एवढंच. आणि ते पाहिल्याची त्याच्या लेखी एकच खूण होती. तेव्हा मी ठरवलं की दाजींना काढायचं. खळं माझं, चेंडू आमच्या गटाचे. काढायचा हक्क कुणाला असेल तर मलाच. शिवाय माझा हिशेब साधा होता. आमच्याकडे काढणं हा बोलण्याचा पहिला डाव असतो. ज्याला काढलं त्याने चिडायचं, उलट बोलायचं, मग चार माणसांनी मध्ये पडायचं, चहा व्हायचा आणि माणूस परत जागेवर. आमच्या पिठाच्या गिरणीवाल्याने त्याच्या माणसाला आजवर सात वेळा काढलंय. आजही माझं दळण तोच घेतो. दाजी भांडतील, आणखी एक संधी मागतील, मी नाही-नाही म्हणत देईन, आणि मग ती त्यांची स्वतःची असेल, जावईपणाची नव्हे. मला हे फार हुशारीचं वाटलं होतं.

चार दिवसांनी सकाळी खळ्यावर, मुलींसमोरच, मी म्हटलं, “दाजी, तुमाला काढलं.”

दाजी ताठ उभे राहिले. “कारन?”

“चार मॅच हारल्या. पाचवी मी धरत न्हाई. पोरींना राखायला शिकवलं, मारायला एकीलाबी न्हाई. अकराच्या अकरा जनी मागं उभ्या ऱ्हातात, आन पुढं नुसत्या शेळ्या.”

दाजींनी थोडा विचार केला. “बराबर हाय. शेवटच्या दोन क्लबांनीबी हेच सांगितलं.” आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, आता मागतात संधी. ते म्हणाले, “लिहून द्या.”

मी वहीचं पान फाडून लिहून दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. एका शब्दाला थांबून म्हणाले, “'निष्काळजी' काढा. काळजी मी केली.” मी तो शब्द खोडला. त्यांनी माझ्याशी हात मिळवला. बाई माणसाशी हात मिळवायची आमच्याकडे रीत नाही, पण तो हात मी धरला. मग गळ्यातली शिट्टी काढून दिली, चेंडूंच्या जाळीची दोरी दिली, आणि एक वही दिली, तिच्यात प्रत्येक मुलीचं एक पान. मी वाट पाहत होते. काहीच होईना. शेवटी मीच म्हटलं, “दाजी, बगा बरं, इचार करून सांगा.”

“काढलेल्या मानसानं कशाचा इचार करायचा, अक्का? इचार काढनाऱ्यानं करायचा असतो,” ते म्हणाले, आणि शेळ्यांमधून वाट काढत घरी गेले.

माझी चूक मला तेव्हा कळली. त्यांच्या देशात काढलं म्हणजे काढलं. सुमनची रजा संपत आली होती. ती एकटी परतणार आणि दाजी दिवाळीपर्यंत संघासाठी थांबणार, असं ठरलेलं होतं. आता कशासाठी थांबणार? त्यांनी सुमनच्याच विमानाचं तिकीट काढून घेतलं. गावाला वाटलं दाजी अजून रुसलेत. एकट्या मला माहीत होतं की माणूस मजेत आहे. जेवणात त्यांनी पुन्हा वाट्या मांडल्या आणि आमच्या ह्यांना समजावून सांगितलं की बचत गटाच्या अध्यक्षांनी त्यांना कसं काढलं, कुठे उभं राहून काढलं, आणि कारण किती बरोबर होतं. काढल्याची हकीकत सांगताना ते मला “अक्का” म्हणत नव्हते, “अध्यक्ष” म्हणत होते.

आज सकाळी ते गेले. नांदेडपर्यंत जीप, पुढे हैदराबादला रेल्वे. काकू काठी टेकत दारापर्यंत आली. मुली सगळ्या आल्या होत्या. कुणी रडलं नाही, रडायला जागाच नव्हती, कारण दाजी प्रत्येकीला शेवटची सूचना देत होते. गोदाला म्हणाले, “तू पुढं खेळ आता. मागं राखायला दुसरी शोध.” गोदा म्हणाली, “तुमीच तर मला मागं ठेवलं.” दाजी म्हणाले, “म्हनून तर काढलं मला.” जीप सुरू झाली. मी हात हलवला नाही. माझे हात बेण्याच्या औषधाने बरबटलेले होते. जीप वळणापलीकडे गेल्यावर मी घरी येऊन उरलेलं बेणं बुडवलं.

इथवर काल लिहिलं आणि बेणं सुकलं म्हणून उठले.

आज सकाळी साडेपाचला मी ग्रामपंचायतीपुढच्या फळ्यावर एक नोटीस लावली. हाताने लिहिली, अक्षर ठळक काढलं. “पाहिजे: मुलींच्या फुटबॉल संघासाठी प्रशिक्षक. संघ आजवर एकही सामना जिंकलेला नाही. पूर्वी काढलेल्या माणसाने अर्ज केल्यास चालेल. नात्यातल्या माणसाने केल्यास चालेल, पण नात्याची सवलत मिळणार नाही. हरल्यास पुन्हा काढण्यात येईल. अर्ज मराठीत करावा.” खाली बचत गटाचा शिक्का मारला. मग तिचा फोटो काढून दाजींना पाठवला. ते तेव्हा हैदराबादच्या विमानतळावर बसलेले असणार.

खुणा निळ्या झाल्या. ते काही तरी लिहीत आहेत असं फोनवर दिसलं, थांबलं, परत दिसलं, परत थांबलं. खळ्यावर मुली जमल्या होत्या. मी शिट्टी वाजवली. माझ्याच्याने ती नीट वाजली नाही, शेळ्यासुद्धा वळल्या नाहीत. गोदा पुढे जाऊन उभी राहिली. येताना मी पुन्हा फळ्याकडे गेले, कारण लिहिण्याच्या घाईत अर्जाची शेवटची तारीख घालायची राहिली होती. पेन हातात होतं. थोडा वेळ तिथे उभी राहिले, आणि तारीख न घालताच घरी आले.